कापलेली तलवारबाजी
व्हिनेगरचा आंबूस वास आला की आजही माझं डोकं फिरतं. एका दुर्मीळ स्टंटपटाची रिळं विकत घ्यायला मी औरंगाबादहून पाचोडला गेलो होतो, तंबूतल्या टॉकीजचं मशीन चालवलेल्या एका म्हाताऱ्याकडं. त्यानं पत्र्याचे डबे उघडले तेव्हा कुजत चाललेल्या जुन्या फिल्मचा असाच वास सुटला. एकेक रीळ मी उजेडात धरून पाहिलं. सगळा सिनेमा होता, फक्त शेवटची तलवारबाजी नव्हती. ती कुठं गेली, असं मी म्हाताऱ्याला विचारलं. "ती व्हय? बाजाराच्या दिवशी देवाचा पिच्चर चालंना, म्हनून कापून त्यात जोडली. पब्लिक लई खूश!" "सत्यानाश केला तुम्ही!" मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "म्या सगळ्या गावाला दाखवली. तुम्ही कुनाला दाखवनार?" वीस वर्षं झाली, ते डबे माझ्या कपाटात कुलूपबंद आहेत, आणि मी अजून त्याच्यावरच चिडतो.