काडेपेटीतला खडा

माझ्या काडेपेटीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. तरुणपणी दुबईत मला मूतखडा झाला, कुळथाचा काढा पिऊन मी तो पाडला आणि काडेपेटीत घालून मिरवला, इथवर मी ती नातवंडांना कितीदा तरी सांगितली. सगळे हसतात आणि मी थांबतो. पुढचा भाग पन्नासहून अधिक वर्षं टाळला. आता टाळायला वेळ उरलेला नाही.

साठ सालानंतरचे ते दिवस. खाडीच्या काठावर गलबतांतला माल उतरवायचं काम आम्ही करायचो. रत्नागिरीकडचे सहाजण एका खोलीत राहत होतो. गोडं पाणी गाढवावरून डब्यांतून यायचं, म्हणून सगळे जपून प्यायचे. दिवसभर उन्हात घाम गाळायचा आणि तहान लागली की घोटभर चहा. लघवी गडद व्हायची, जळजळायची, पण त्याची चर्चा कोण करतो?

पहिला खडा मला झाला. कंबरेतून जांघेपर्यंत कळ यायची, ओसरायची, पुन्हा यायची. गावाहून आणलेले कुळीथ होते. त्यांचा काढा आणि हंडाभर पाणी प्यायलो. तिसऱ्या दिवशी तांदळाच्या कणीएवढा खडा पडला. तो मी काडेपेटीत ठेवला आणि खोलीवर येईल त्याला दाखवू लागलो. खोलीतला म्हातारा खलाशी मला ‘हकीमसाहेब’ म्हणायचा. तो टोमणा होता, पण मला ती पदवी वाटली.

काही महिन्यांनी आमच्यातला सर्वांत धाकटा, माझ्याच गावचा, गोणी टाकून मटकन खाली बसला. गावाहून निघताना बंदरावर त्याच्या आईनं त्याचा हात माझ्या हातात दिला होता.

“भाय, कंबरेत सुरी फिरवल्यासारखं होतंय.”

“अरे, खडा आहे. मी आहे ना.”

“पलीकडे दवाखाना आहे म्हणतात. जाऊ या?”

“कशाला? पोट फाडून घ्यायला? दोन दिवस काढा पी, काडेपेटी मी देतो.”

तोही हसला. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर दगड तापले असताना, त्यानं चादर मागितली. दातावर दात वाजत होते. म्हाताऱ्यानं त्याच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

“हकीमसाहेब, तुझ्या खड्याला ताप होता?”

नव्हता. तरी मी म्हणालो, “खडा हलला की ताप येतो.”

हे वाक्य मी कुठून आणलं, मला आजही माहीत नाही. सगळ्यांसमोर ‘ठाऊक नाही’ म्हणायची लाज वाटली, एवढं ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी काढा पोटात ठरेना. घोटभर दिला की उलटी. लघवी थेंब थेंब, गढूळ, घाण वासाची. तो पुन्हा म्हणाला, “भाय, जाऊ या ना.” मी म्हणालो, “आज पडेल, इन्शाल्ला.”

चौथ्या दिवशी सकाळी त्याचं कण्हणं थांबलं. दुखतंय का विचारलं तर त्यानं मान हलवली, नाही. मी टाळी वाजवली. “खलास! पडला खडा!”

म्हाताऱ्यानं कोपऱ्यातला लघवीचा डबा पुढे सरकवला. “पडला ना? मग दाखव. आण तुझी काडेपेटी.”

डबा कोरडा होता. एवढ्यात अंथरुणावरून आवाज आला, “आई, सुकट उचल, कावळे आले.” डोळे उघडे होते, पण तो आम्हाला पाहत नव्हता.

मी त्याला पाठीवर घेतलं आणि खाडीकडे धावलो. त्याचा श्वास मानेला चटका देत होता. खाडी ओलांडणारा अब्रा, म्हणजे छोटा मचवा, माणसं भरल्याशिवाय निघत नसे. चारच उतारू बसले होते. “यल्ला, यल्ला!” मी ओरडत होतो. नावाड्यानं पाठीवरच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दोर सोडला. ती खाडी एवढी रुंद मला पुन्हा कधी वाटली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासत विचारलं, “बुखार कब से है?”

परवापासून. ओठांवर तेच होतं. मी म्हणालो, “आज सुबह से, साहब.”

“अच्छा हुआ, जल्दी ले आए.”

त्यानं अर्धवट ग्लानीत ते ऐकलं आणि माझा हात दाबला.

इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून एक किडनी काढावी लागली. नंतर डॉक्टरांनी मला बाहेर बसवून समजावलं. लहान खडा पाणी पिऊन पडतो, हे खरं. पण ताप आणि थंडी आली, उलट्या थांबेनात, लघवी बंद होत आली, तर एक तासही घरी काढायचा नाही. खडा वाट अडवतो आणि मागे पू साचतो. दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं नसतं. मी मान डोलवत होतो. तेव्हाही खरं सांगता आलं असतं. खरी तारीख कळली असती तर त्यांनी आदल्या दिवशीच ऑपरेशन केलं असतं का, किडनी वाचली असती का, हे विचारायला मी कधी धजलो नाही.

तो वाचला, गावी परतला. तापात त्याला दिवसांचं भान राहिलं नव्हतं आणि खोलीतल्या कोणी विषय काढला नाही. काडेपेटी मी खाडीत टाकली. गोष्ट मात्र टाकली नाही.

कित्येक वर्षांनी मी त्याच्या घरी गेलो. वाक्य जुळवूनच गेलो होतो. त्याच्याजवळ पाण्यानं भरलेला तांब्या होता. त्यानं सुना-नातवंडांना हाक मारली. “या रे, बघा, हा तो. यानं मला वेळेवर नेलं, पाठीवर घेऊन. नाहीतर तुम्ही कुठले?” मुलं एकेक करून माझ्या हाताला हात लावून गेली. मी तोंड उघडलं, तर त्यानं पेला पुढे केला. “पाणी पी भाय, लांबून आलास.”

मी पाणी प्यालो, तब्येत सांभाळ म्हणालो आणि उठलो. गेल्या वर्षी तो गेला. त्याच्या घरच्यांनी हे वाचावं. त्या दिवशी घशात अडकलेलं वाक्य असं होतं: मी तुला वेळेवर नेलं नाही, तू दोनदा जाऊ या म्हणालास, मी अडवलं, आणि डॉक्टरांशी खोटं बोललो, मला माफ कर.