टोपीतली माया

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेचे नव्हे, शिलाईचे. पुढेमागे कपडा उसवून मोठा करता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. मास्तरांचा हात त्यात भलताच सढळ. "शर्ट शिवताय की तंबू?" म्हणून गिऱ्हाइकं चिडवायची आणि ढेरी सुटली की तोच शर्ट गुपचूप उसवायला आणायची.

सातव्या महिन्यातच बायकोचं ब्लडप्रेशर असं चढलं, की डॉक्टरांना ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, जेमतेम किलोभराची. बायको दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, लेक चौथ्या मजल्यावर काचेच्या पेटीत आणि मास्तर मधल्या जिन्यात. बायकोला उठायची बंदी, त्यामुळे लेकीला बघणारे ते एकटेच. नळ्यांत गुंतलेला तो जीव बघून त्यांचा धीर खचायचा.

"कशी आहे?" बायको रोज विचारायची.

"बरी आहे," म्हणून ते डब्याचं झाकण लावत बसायचे. घरी परतल्यावर बोलायला भिंतीच होत्या.

नवव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "डोकं गार पडतंय. मऊ टोपी आणा." मास्तरांनी पेटीत हात घालून टेपने माप घेतलं. सव्वादहा इंच. एवढं माप त्यांनी आजवर गिऱ्हाइकांच्या दंडाचं घेतलं होतं.

दुपारी शिवलेली टोपी त्यांनी आधी बायकोला दाखवली. सवयीप्रमाणे तिने ती उलटी करून पाहिली.

"अहो, माया कुठंय?"

मास्तर टेप गुंडाळू लागले.

"लोकांच्या ढेरीसाठी दोन-दोन बोटं सोडता. हिला काहीच नाही?"

"मापाचीच हवी होती."

नऊ दिवस त्यांनी काय लपवलं होतं, ते तिला कळलं. "ही वाढायचीच नाही, असं धरून बसलात तुम्ही."

"मला एकट्याला बघवत नाही गं," मास्तर म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं.

तिने टोपी त्यांच्या हातात दिली. "उसवा."

"उसवून काय करू? आत कापडच नाही."

"मग दुसरी शिवा."

दुसरी टोपी सिस्टरांनी चाचपून पाहिली. "कडेला एवढं कापड कशाला दुमडलंत?"

"वाढेल ना ती," मास्तर म्हणाले. नऊ दिवसांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, आणि ऐकायला बायको तिथे नव्हती. म्हणून तेच पुन्हा म्हणायला ते जिना उतरू लागले.