शिट्टी येतेय का?

कानसेन हे नाव त्याला आईबापांनी ठेवलं नव्हतं, बाजाराने ठेवलं होतं. गाड्यांच्या सामानाच्या त्या गल्लीत तो नुकताच डेक बसवायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. रस्त्यावरून एखादी गाडी गाणी वाजवत गेली की हा हातातलं काम न थांबवता म्हणायचा, "डावा मागचा स्पीकर फाटलाय." लोक पैज लावायचे, धावत जाऊन गाडी थांबवायचे आणि तोंड पाडून परत यायचे. पठ्ठ्याने कित्येक वर्षं चहाला खिशात हात घातला नाही.

आता त्याच कानसेनला चहा आलाय हे सांगायला खांद्यावर हात ठेवावा लागायचा. जन्मभर डॅशबोर्डखाली डोकं घालून फुल आवाजात स्पीकर तपासले, त्याचं दुसरं काय होणार? कानाचा डॉक्टर स्पष्टच बोलला होता. जाडा आवाज येत राहील, बारीक गेला तो गेला. मशीन लावलं तर समोरच्याचं बोलणं नीट कळेल, पण गेलेला कान परत यायचा नाही. याने मशीन घेतलं आणि डबीसकट कपाटात टाकलं. कानसेनच्या कानात मशीन! गल्ली हसून हसून लोळली असती.

दुकानाच्या अर्ध्या भागात त्याची बायको सीटकव्हरं शिवायची. कान गेल्यापासून तीच त्याचे कान होती. नवा डेक बसवला आणि अर्थिंग कच्चं राहिलं, की इंजिनच्या करंटची घाण स्पीकरमध्ये उतरते आणि गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी वाजत राहते. गाडी पळवा, शिट्टीही चढते. डेकवाल्याची खरी परीक्षा तीच. म्हणून काम झालं की कानसेन इंजिन चालू ठेवायचा, गाणं थांबवून आवाज वाढवायचा आणि हाक मारायचा, "अगं, शिट्टी येतेय का?"

ती शिलाई मशीन थांबवायची, दोऱ्याचं टोक दातात धरून यायची, खिडकीतून डोकं आत घालायची. मग दोरा काढून, त्याला ओठ दिसतील अशी वळून सांगायची, "नाही. स्वच्छ आहे."

या तीन शब्दांवर त्याचं सगळं चाललं होतं. लग्न होऊन गेलेली मुलगी फोनवरून आईकडे कटकट करायची, बाबांना म्हणावं आता पुरे. तो म्हणायचा, "तूच सांग तिला, एक तरी गाडी परत आली का? ज्या दिवशी माझं काम परत येईल, त्या दिवशी मीच शटर ओढीन. कुणी सांगायची गरज नाही." आणि गाडी काही परत यायची नाही. कान गेले, हात शाबूत आहेत, असं तो स्वतःला रोज बजावायचा, आणि त्याला ते खरंही वाटायचं.

अशात एके दिवशी अंडीवाला आपली जुनी पिकअप घेऊन दारात उभा राहिला. हा त्याचा तरुणपणापासूनचा दोस्त. जन्मभर अंड्यांचे ट्रे वाहून त्याचं गाडी हाकणंच असं झालं होतं की खड्डा दिसला तर खाली उतरून त्याची परवानगी घेईल. आता मान आखडलेली, मागे वळून बघता येईना, रिव्हर्स घेताना एका दुकानाची पाटी आडवी केली होती. म्हणून त्याच्या मुलीने मोठ्या टचस्क्रीनचा डेक आणि मागचा कॅमेरा मागवून दिला होता.

"लेका, हे टीव्हीचं खोकं त्या भोकात बसेल का?" त्याने विचारलं.

"तुझं डोकं बसवून देईन, हे काय घेऊन बसलास," कानसेन म्हणाला. दोस्ताचं बोलणं त्याला ओठांवरून निम्म्याहून अधिक कळायचं, उरलेलं सवयीने.

जुना कॅसेटचा डेक त्यानेच बसवलेला होता, पिकअप नवी कोरी असताना. तो उपसून काढताना त्याला बरं वाटलं. मागच्या वायरींवरच्या टेपा अजून जिथल्या तिथे होत्या, फक्त वायरी वाळून कडक झालेल्या. त्याने कडक टोकं कापून नवी जोडली, एकेक सांधा कथलाचा डाग देऊन घट्ट केला, वर नळी चढवली. स्क्रीन दुप्पट उंचीचा, म्हणून डेकखालचा कप्पा कापावा लागला. तो त्याने कानशीने असा घासला की कडेवरून बोट फिरवलं तर कुणी म्हणेल कारखान्यातूनच तसा आला. कॅमेऱ्याची वायर मागच्या दिव्यापर्यंत नेली. अर्थिंग मात्र जिथून नेहमी घ्यायचा तिथूनच घेतलं, डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीवरून. तिथला गंज पॉलिश पेपरने घासला, स्क्रू पिळला. कॅसेटच्या काळापासून हाच त्याचा रिवाज होता, आणि कधी तक्रार नव्हती.

स्क्रीन उजळला. अंडीवाल्याने रिव्हर्स टाकला आणि गाडीच्या पाठीमागची अख्खी गल्ली त्याच्यासमोर आली. "अरे बापरे! आता मान मोडली तरी हरकत नाही," तो म्हणाला. कानसेनने दारावरच्या स्पीकरवर तळहात ठेवला. ढोलकीचा ठेका हाताला लागत होता. मग गाणं थांबवून त्याने नेहमीची हाक मारली.

बायको आली. डोकं आत घातलं. अंडीवाल्याने ॲक्सिलरेटर दाबून धरला.

"नाही. स्वच्छ आहे," ती म्हणाली.

अंडीवाल्याने एकदा वहिनीकडे पाहिलं आणि मग म्हणाला, "झकास! मानलं लेका तुला." जाताना वहिनी त्याच्या खिडकीशी दोन शब्द बोलली, पण कानसेन तेव्हा हत्यारं गोळा करत होता.

तो गेल्यावर कानसेनला कळलं की आपला चष्मा पिकअपच्या डॅशबोर्डवरच राहिला. जवळच्या चष्म्याशिवाय याला वायरीचा लाल-काळा रंग कळायचा नाही. अंडीवाला बेकरीत ट्रे उतरवायला जाणार हे ठाऊक होतं, म्हणून तो चालतच निघाला. बायको कापड आणायला मागच्या गल्लीत गेली होती, तिला सांगायचं राहूनच गेलं.

बेकरीपर्यंत जावं लागलंच नाही. कोपऱ्यावर त्याच्या भाच्याचं दुकान होतं. याच मामाच्या हाताखाली शिकलेला, गुणी, आता स्वतःचा धंदा करणारा. त्याच्या दारात पिकअप उभी होती. बॉनेट उघडं. नुकताच बसवलेला स्क्रीन वायरींना लोंबकळत बाहेर, आणि भाचा एक जाड काळी वायर बॅटरीपासून आत ओढत होता.

अंडीवाल्याने कानसेनला आधी पाहिलं. हातातून भरला ट्रे निसटावा तसा त्याचा चेहरा झाला.

"काय झालं रे?"

"काही नाही, सहज…"

"सहज डॅशबोर्ड उघडतात का?"

भाचा वळला. त्याने समोर येऊन, सावकाश, ओठ दिसतील असं सांगितलं, "मामा, शिट्टी येत होती."

"तुझ्या मामीने ऐकलंय. येत नव्हती."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते कळायला कान लागत नव्हते.

"माझी जोडणी परत लाव," कानसेन म्हणाला. भाचा नको नको म्हणत होता, पण मामाचा आवाज चढला तशी त्याने लावली. अंडीवाल्याने इंजिन सुरू केलं. कानसेनने स्पीकरला तळहात लावला, मग कान लावला, अगदी जाळी गालाला रुतेपर्यंत. इंजिनची घरघर तेवढी येत होती. त्याने डोळे वर केले. अंडीवाल्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जात होता आणि त्याचं कपाळ आक्रसत होतं. दाब वाढला, आठ्या वाढल्या. पाय उचलला, आठ्या गेल्या. कानसेनला त्याची शिट्टी दोस्ताच्या कपाळावर दिसली.

"बंद कर," तो म्हणाला. मग भाच्याला विचारलं, "हिने पाठवलं?"

भाच्याने होकाराची मान हलवली.

"आधी कुठल्या गाड्या पाठवल्या?"

भाचा हातातली वायर गुंडाळत बसला. "मामा, जुन्या गाड्या तर सगळ्याच. मामी गिऱ्हाइकाला हळूच सांगतात, जाताना कोपऱ्यावर एक वायर ओढून घ्या, बोलू नका. लोकही बोलत नाहीत. सगळ्यांना तुम्ही…" तो थांबला.

"अरे गाढवा!" कानसेन एवढ्या मोठ्याने ओरडला की समोरचा टायरवाला बाहेर आला. "एकाने तोंड उघडलं असतं तर प्रत्येक गाडीला बॅटरीपर्यंत वायर ओढली असती मी! मला काय येत नव्हती ओढायला? तुला कुणी शिकवली?"

"तुम्हीच, मामा."

"मग?"

"मामी म्हणाल्या, कळलं तर ते शटर ओढतील. घरी बसून काय करतील?"

अंडीवाल्याने चष्मा आणून त्याच्या हातात ठेवला आणि हात तसाच धरून ठेवला. कानसेनने तो सोडवून घेतला.

परत येताना त्याला गल्ली नवी वाटली. चहावाला, काचवाला, पंक्चरवाला, ज्या ज्या गाड्यांना त्याने हात लावला होता त्यांचे मालक. सगळे मान डोलवून हसले. हे हसू किती दिवस असं होतं? कुणाचं खरं होतं? तो एका पायरीवर जरा टेकला.

"कुठे गेला होता?" बायकोने विचारलं.

"चष्मा आणायला. बेकरीशी सापडला."

तिच्यावर ओरडायचं म्हणून तो आला होता. पण ती गिऱ्हाइकाच्या कापडाचा वीतभर उरलेला तुकडासुद्धा घडी घालून परत देणारी बाई, जन्मात कुणाशी खोटं बोलली नव्हती. ते जन्मभराचं न बोललेलं खोटं तिने याच्यापायी बोलून टाकलं होतं. मशीनवर वाकलेली तिची पाठ बघून त्याचा राग विरघळला, आणि राग गेल्यावर जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. संध्याकाळी तो जेवला, झोपलाही लवकर. तिने कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी एक फर्निचरवाला जुना टेम्पो घेऊन आला. तसाच स्क्रीन, तसंच काम. कानसेनने या वेळी जाड वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली, टोकाला कडी दाबून बसवली, नट पिळला, परत पिळला. याहून पक्कं अर्थिंग कुणी करू शकला नसता. गाणं थांबवलं. आवाज वाढवला.

"अगं, शिट्टी येतेय का?"

ती दोरा दातात धरून आली. डोकं आत घातलं. वळली.

"नाही. स्वच्छ आहे."

खरं असेल. बहुतेक खरंच होतं. पण तोच चेहरा, तेच तीन शब्द, तेच वळणं. काल असंच होतं, आणि त्याआधी रोज असंच होतं. त्याने तिच्या डोळ्यांत शोधून पाहिलं, आणि त्याला काही वेगळं सापडलं नाही. फर्निचरवाल्याकडे पाहिलं, तर तो स्क्रीनवर बोट फिरवण्यात दंग. आता जगात असं कुणी उरलं नव्हतं, ज्याला विचारून याला खरं कळेल.

त्याने चिंधीला हात पुसले. "चांगलं झालंय," तो फर्निचरवाल्याला म्हणाला, "पण जाताना कोपऱ्यावर माझ्या भाच्याला दाखवून जा. वायर लागली तर तो ओढून देईल."

बायको मशीनवर जाऊन बसली होती. मशीनची धडधड लाकडी फळीतून त्याच्या हाताला लागायची, ती लागेनाशी झाली. तो हत्यारं डब्यात भरत राहिला. ती उठून समोर आली, त्याच्या तोंडासमोर उभी राहिली, आणि ओठ दिसतील असं काहीतरी म्हणाली.

त्याने वर पाहिलं नाही.