उतरलं म्हणायचं

फोनवर रफिकची बायको नसरीनभाभी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, ये उतर गए…" आणि मी हसत विचारलं, "किती तुकडे?" पलीकडे कुणीतरी हंबरडा फोडला, तेव्हा कळलं की आज बातमी विमानाची नव्हती.

रफिक आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. तो चित्रकला, मी भूगोल. निवृत्तीनंतर त्यानं लेकीचे प्लास्टिकचे ठोकळे माळ्यावरून काढले आणि उडणारी विमानं जोडायला घेतली. मोटर, पंखा, बॅटरी बसवली की ते धूड हातात पेलवायचं नाही. "हे उडालं तर मिशी काढीन," असं मी म्हणालो आणि मिशी गेली! पण डिंकाचा थेंबही लावायचा नाही, हा त्याचा हट्ट. "चिकटवलं की खेळ संपला." त्यामुळं प्रत्येक विमान हवेतच सुटं व्हायचं. त्याच्या घरात मात्र 'पडलं' म्हणायला बंदी होती आणि 'गिरा' म्हणायलाही. "पडलं नाय रं, उतरलं म्हण!" मग मी विचारायचो, किती तुकडे? आणि मुकुंदवाडीच्या रुळांपलीकडच्या माळावर आम्ही दोघं वाकून ठोकळे वेचायचो. ते वेचणं पुढं पुढं मला नकोसं वाटायला लागलं… का, ते सांगता येत नाही.

माळावर घरं झाली, तसा तो गच्चीवरून उडवू लागला. गच्चीला कठडा नव्हता. भाभींनी विषय काढला की म्हणायचा, "बांधेंगे, पहले इसका पंख होने दो." विमान वर गेलं की त्याची नजर वर आणि पाय मागं मागं सरकत जायचे. मला भीती वाटायची. मी त्याचा सदरा मुठीत धरून उभा राहायचो. तो चिडायचा, "सोड रं, मी काय विमान हाय का?"

त्या दिवशी मी वैजापूरला लग्नाला गेलो होतो.

रफिकच्या चाळिसाव्या दिवसानंतर भाभींबरोबर गच्चीवर गेलो तर तिला नवा कठडा झाला होता, अजून प्लास्टर ओलं होतं. शेजारच्या उंच टाकीवर त्याचं शेवटचं विमान जाऊन बसलेलं दिसलं. एकही ठोकळा सुटला नव्हता. मी म्हणालो, "शिडी आणतो, भाभी. काढून देतो."

"नक्को, भाऊ," त्या कठडा घट्ट धरून म्हणाल्या, "गिरेगा."

त्या घरात तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.