नॅशनल पार्कचा फेरा आणि सुहासचा पाना

भांडुपहून निघायचं, ठाणे, घोडबंदर, बोरिवली, आरे, पवई करत परत भांडुप. नॅशनल पार्कला सायकलवरून अख्खा फेरा. हल्ली बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय, नाहीतर त्या फेऱ्याची आठवण आली की अजून डोक्यात तिडीक जाते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी शर्यतीत पळणारा. संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही आणि घरात कमावण्याच्या वयाचा मी एकटा. एका कंपनीत खेळाडूंसाठी जागा निघाली, एकच, तीही सायकलपटूची, ट्रायल घेऊन भरायची. शेजारच्या चाळीतला सुहास पक्का सायकलवाला. त्यालाही तीच नोकरी हवी होती. तरी म्हणाला, "चल रे, शिकवतो तुला. ट्रायलआधी एक फेरा मारू." मला केवढं बरं वाटलं!

निघताना त्याने खिशातून पाना काढून माझी सीट खाली घेतली. "दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. तू पळणारा, तुला तेच बरं." मलाही पटलं. आम्हा पळणाऱ्यांचा सगळा भरवसा जमिनीवर.

पहाटेच निघा, ट्रक सुरू व्हायच्या आत. मुलुंडपर्यंत मी पॅडल नुसतं तुडवत होतो. एक जोर, मग आराम, परत जोर.

"अरे, तू अजून पळतोयस!" सुहास ओरडला. "दाबू नको, फिरव. हलकं, पटापट. आणि खांदे कशाला नाचवतोस?"

हे मात्र त्याने मनापासून शिकवलं, खोटं कशाला बोलू. चवडा पॅडलवर ठेवून पाय गोल फिरवायला लागलो आणि ठाण्यात दमही लागेना. झकास!

गायमुखच्या चढाला डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडी, माणूस औषधाला नाही. पाणी जवळ ठेवा. तिथेच माझा गुडघा बोंबलायला लागला. दहिसरला सुहासने थांबून पान्याने स्वतःचं हँडल आवळलं, मी गुडघा चोळत बसलो.

बोरिवलीत गरमागरम उसळपाव खाल्ला. तो हात धुवायला गेला तेवढ्यात गंमत म्हणून मी त्याच्या सायकलवर बसलो. सीट उंच, पाय जमिनीला पोचेनात. पण पॅडल मारलं आणि गुडघा गप्प! खाली जाताना पाय जवळजवळ सरळ होत होता.

"सुहास, माझी सीट वर घे ना."

त्याचा चेहरा उतरला. "नको यार. ट्रायल तोंडावर आलीय, सवय बिघडेल."

"मग पाना दे, मी घेतो."

"पाना घरी राहिला रे. उतर, माझी सायकल दे."

घरी राहिला! दहिसरला मी डोळ्यांनी बघितला होता. पण त्याच्या खिशात हात घालायचं धाडस झालं नाही. आरेतली गार सावली, पवईचं तळं, लोक जे बघायला जातात त्यातलं मी काहीच बघितलं नाही. मुकाट्याने त्याच्या मागे पाय मारत राहिलो.

घरी आलो तर आई दारातच किंचाळली, "मेल्या, गुडघो केवढो सुजलो तुझो!" ट्रायलच्या दिवशी मला जिना उतरता येईना. नोकरी सुहासला लागली.

तुम्ही जाल तेव्हा सीट आधी वर घ्या, आणि पाना स्वतःच्या खिशात ठेवा.

सुहास रिटायर झाला तेव्हा त्याने मला आग्रहाने बोलावलं. माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगत होता, "याला सायकल मी शिकवली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि साला, ते खरंच आहे.