उलटा गळा

ओगिकुबोतल्या आमच्या स्टुडिओत जुन्या कादंबऱ्यांवर ॲनिमेशनपट बनायचे आणि त्यातलं प्रत्येक चित्र फुसाएबाई तपासायच्या. गोष्टी शंभर वर्षांपूर्वीच्या, म्हणजे सगळी पात्रं किमोनोत. जिवंत माणूस किमोनोच्या गळ्याशी डावी बाजू उजवीवर घेतो. उजवी वर असते ती फक्त मेलेल्याची. आणि आम्ही पक्के आळशी! नायिका दुसरीकडे वळली की नवं चित्र काढायच्या ऐवजी जुनंच उलटवून टाकायचो. चेहरा छान वळायचा, गळा मात्र चुकायचा.

"मारलीत पुन्हा पोरीला!" तोंडातला खारवलेला आलूबुखार गालात सरकवून बाई ओरडायच्या. "लेखकानं बिचारीला शेवटपर्यंत जगवलंय, तुम्हाला कसली एवढी घाई?"

"बाई, कोण बघतंय एवढं?" दिग्दर्शक इसोगाई एकदा वैतागला.

"मी बघतेय. मी मेले की काढा हवं तसं."

मग स्वतःच खोडरबर घेऊन बसायच्या. गळा नीट झाला की चित्रातल्या मुलीला हळूच म्हणायच्या, "हं, ऊठ आता."

गेल्या थंडीत बाई गेल्या. शवपेटीत पांढऱ्या किमोनोत शांत निजल्या होत्या. इसोगाई फूल ठेवायला वाकला आणि बाईंनीच लावलेल्या सवयीनं पुटपुटला, "बाई, गळा उलटा आलाय." त्याचा हात नीट करायला पुढे गेलासुद्धा.

मी तो धरला. "राहू दे रे. या वेळी बरोबर आहे."