काकू उठल्या

मनोरंजनाच्या धंद्यात आज ज्याच्या शब्दावर मालिका सुरू होतात आणि बंद पडतात, तो माणूस एके काळी आमच्या डोंबिवलीच्या घरात फरशीवर मांडी घालून बसायचा, आणि टीव्हीकडे पाठ करायचा. टीव्ही बघायची माझी आई. तो आईकडे बघत असायचा.

तो शेजारच्या इमारतीतला. आम्ही दोघं एकाच निर्मितीसंस्थेत लागलो, मी संवाद लिहायला आणि तो पडेल ते काम करायला. कोलशेतच्या स्टुडिओत लिहिलेली पानं सेटवर पोचवणं, रुसलेल्या नटीला मेकअपरूममधून बाहेर काढणं, जनरेटरवाल्याशी भांडणं, हे सगळं तो हसतमुखाने करायचा. हा इथे टिकणार नाही, वर जाणार, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मला त्याचा हेवा वाटला नाही. आपल्या गल्लीतला एक जण वर जातोय याचं कौतुकच होतं.

त्याची अक्कल वेगळी होती, हे आजही रागात असले तरी कबूल करते. बाकीचे सगळे टीआरपीच्या आकड्यांची वाट बघायचे. हा म्हणायचा, आकडे नंतर येतात, आधी बाई उठते. मालिका चालू असताना घरातली बाई कुठल्या क्षणी उठून गॅस बघायला जाते, तो क्षण कच्चा. तिथे आपलं लिखाण पडलं. हे शोधायला तो आमच्याकडे यायचा, कारण माझी आई ही त्याच्या मते महाराष्ट्रातली सर्वांत प्रामाणिक प्रेक्षक होती. कंटाळा आला की ती तोंडदेखलं बसून राहत नसे. सरळ उठायची आणि कोथिंबीर निवडायला घ्यायची.

पण यात एक अडचण होती. आमच्याकडे कुणी आलं की आई चहा टाकते. मीटर बघायला आलेल्या माणसालाही तिने कधी कोरडं पाठवलेलं नाही. पहिल्या दिवशी तो आला, मालिका सुरू झाली, आणि पाच मिनिटांत आई स्वयंपाकघरात. त्याने तिला हाताला धरून परत आणलं.

"काकू, तुम्ही चहाला उठलात ना, तर माझा एपिसोड बाद. मी घरचा आहे, मला काही विचारू नका."

त्या दिवसापासून तो जेवून यायचा, घरच्या चपलांवर यायचा, पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची आणायचा. मला त्याने हा नियम नीट समजावून सांगितला होता. पाहुण्यासाठी उठलेली बाई हिशेबात धरायची नाही. ती पाहुण्यासाठी उठलेली असते, त्यात गोष्टीचा दोष नाही.

या एका युक्तीवर तो किती वर चढला, ते मी बघितलं. आईच्या उठण्याबसण्यावरून त्याने कितीतरी प्रसंग बदलले, आणि ते चालले. मग तो वाहिनीत गेला, मग कार्यक्रमांचा प्रमुख झाला, मग सगळ्या कंपनीचा. मुलाखतींत तो सांगायचा, "डोंबिवलीच्या एका काकूंनी मला टीव्ही शिकवला." आई ते वाक्य ऐकून लाजायची आणि मग जिन्यात भेटेल त्याला सांगायची. मी ऑफिसात त्याला सर म्हणायला लागले, घरी मात्र अरे-तुरेच होतं. त्यालाही ते आवडायचं, निदान मला तसं वाटायचं.

मग माझी स्वतःची मालिका आली. पहिल्यांदाच गोष्ट माझी, नाव माझं. पन्नाशीची एक विधवा बाई मुलांच्या विरोधात गाडी चालवायला शिकते, एवढीच गोष्ट. आईने माझ्याकडून शेवट आधीच वदवून घेतला होता. बाई शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून स्वतः गाडी काढते आणि पलीकडे जाते. आई म्हणाली, "शीळफाट्यावरून काढली म्हणजे कुठूनही काढेल." मी तो शेवट त्याला ऐकवला, तर तो टेबलावर हात मारून म्हणाला, "हा शेवट मी दाखवणारच. काकूंना सांग, माझा शब्द." मी सांगितलं. आई त्या शब्दावर वर्षभर रोज साडेसातला खुर्चीत बसत होती.

पावसाळा सरता सरता कुजबुज सुरू झाली. आमची वेळ दुसऱ्या कुणाला तरी हवी आहे, एका मोठ्या निर्मात्याची मालिका तयार आहे. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, अफवा असतात. मी येतो ना काकूंकडे, बघून जातो एक एपिसोड. बरेच दिवस आलो नाही."

मला बरं वाटलं. म्हटलं, आईसमोर बसला की त्याला सगळं आठवेल.

तो आला तेव्हा मी बाळकुमला शूटिंगवर होते. आईने मग सांगितलं. मोठी गाडी खाली उभी राहिली, वॉचमन पळत वर आला. याच्याबरोबर ऑफिसातली दोन तरुण मुलं, एका मुलीच्या हातात फोन. तो या वेळी सोफ्यावर बसला, पायात बूट. आईने तीन माणसांना पाणी दिलं, चहा टाकला, सकाळी केलेल्या वड्या काढल्या, बशा कमी पडल्या म्हणून शेजारून आणल्या. तो एकदाही म्हणाला नाही की काकू, बसा. उलट वड्या मागून घेतल्या.

आई फार खूश होती. "काही बदलला नाही गं," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कोलशेतलाच मीटिंग झाली. त्याने पडद्यावर आलेख दाखवले, ते मला फारसे कळले नाहीत. मग एक फोटो आला. चालू टीव्ही, त्यावर माझी नायिका, आणि समोर रिकामी खुर्ची. खुर्चीवरची क्रोशाची उशी माझ्या आईने विणलेली होती. माझ्या घरातली खुर्ची त्या वातानुकूलित खोलीत भिंतीएवढी मोठी दिसत होती.

"ही आपली सर्वांत निष्ठावान प्रेक्षक आहे," तो म्हणाला. "माझी लकी काकू म्हणा हवं तर. अर्धा तास ती खुर्चीत टिकली नाही. सारखी उठत होती. कल्याण-डोंबिवलीतली बाईच उठली, तर आपण कुणासाठी करतोय?"

सगळे हळहळल्यासारखे माना डोलवायला लागले. मी म्हटलं, "ती चहा करायला उठली होती. तुझ्यासाठी." सगळ्यांसमोर माझ्या तोंडून तू गेलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं आठवत होतं, चपला, बाटली, नियम, सगळं. हे मी शपथेवर सांगू शकते, कारण क्षणभर त्याचे डोळे खाली गेले. मग तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कारण काहीही असो. बाई उठली."

मला त्या 'मॅडम'ची चीड आजही येते. मालिका बंद करायची होती तर करायची. खुर्ची त्याची, अधिकार त्याचा, मी दोन दिवस रडले असते आणि नवीन काम शोधलं असतं. पण त्यासाठी माझ्या आईच्या चहाचा पुरावा करायची काय गरज होती? केसाने गळा कापला माझा, आणि केसही आमच्याच घरातला.

घरी आल्यावर मी नको ते केलं. संतापाच्या भरात आईला सगळं सांगितलं, फोटोसकट. मला वाटलं होतं ती त्याला चार शिव्या घालेल. ती उशी सरळ करत राहिली. मग म्हणाली, "मला कळायला हवं होतं. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, उठू नका म्हणून."

मालिका घाईघाईत गुंडाळली. नायिकेच्या मुलाचं लग्न लावलं आणि गाडी विकून टाकली. शीळफाटा आलाच नाही. आईने तो भागही पूर्ण बघितला.

दिवाळीनंतर तो आमच्याकडे आला, मिठाईचा मोठा खोका घेऊन. नवीन मालिकेसाठी लिहिशील का, विचारायला. "धंदा आहे गं, पर्सनल घेऊ नकोस," असं दारातच म्हणाला. साडेसात वाजत होते, टीव्ही चालू होता. आई तिच्या खुर्चीत होती. ती उठली नाही. पाणीही विचारलं नाही. तो सोफ्याच्या कडेवर बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी हसून म्हणाला, "काकू, आज चहा नाही का?"

आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "नाही रे. उठले तर बाद होईल."

त्याचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, शाब्बास आई, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी असं सुनावलंस. मी त्याला काम करणार नाही म्हणून सांगितलं आणि दारापर्यंतही गेले नाही. गाडी खालून निघाल्याचा आवाज आला. आत कुकर करपल्याचा वास सुटला होता, तरी आई तशीच बसून होती. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले.

"आई, गेला तो," मी म्हटलं. "ऊठ आता."

तिने भीत भीत माझ्याकडे बघितलं.

"या वेळी नीट बसले ना गं मी?"